गारगोट्या आणि बाटलीच्या काचांचं मोझॅक
आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, अकीक, गारगोटी, स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक असलं काय काय सापडतं, ते डब्यात पडून राहण्यापेक्षा मोझॅक करा, फार देखणं होतं! बेसला सिमेंट बोर्ड घ्या, त्यावर पेन्सिलने डिझाइन काढा. बाटल्या जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडायच्या, गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच हां, आणि धारदार कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरवर घासून घ्यायच्या. तुकडे टाइल अ‍ॅडेसिव्हने चिकटवा, मधे 2-3 मिमी फट ठेवा, 24 तास सुकू द्या, मग फटींत ग्राउट (फटी बुजवायचं सिमेंटसारखं मिश्रण) भरून ओल्या स्पंजने पुसा. स्टिल्बाइट मऊ असतं, ग्राउट त्याच्या पाकळ्यांसारख्या थरांत घुसलं तर निघत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी बसवा. कॅल्साइट या खनिजाचे तुकडे वापरले तर साफ करायला व्हिनेगर अजिबात लावू नका, त्यात कॅल्साइट विरघळतं.