वाइनची द्राक्षं: पश्चिमेची पानं राखा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाड पट्ट्यात फेब्रुवारीपासूनच दुपारचं ऊन भाजायला लागतं. त्यात वाइनच्या द्राक्षात साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा उतरतो, जो वाइनला हवाच असतो. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडून काढा, तीही मणी ज्वारीएवढे असतानाच. सकाळचं ऊन सौम्य असतं, दव लवकर सुकतं, हवा खेळते, त्यामुळे डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांनाही आळा बसतो. पश्चिमेकडून घड उघडा पडला की त्या बाजूचे मणी तपकिरी होऊन सुरकुततात. मणी फुगल्यावर पानांची अचानक विरळणी तर नकोच, सावलीत वाढलेली साल लगेच करपते. तोडणी ठरवताना ब्रिक्ससोबत (साखरेचं माप) पीएचही (आंबटपणाचं माप) तपासा, आणि घड पहाटेच तोडा.