मोबाईल नव्हता तेव्हा राजगडाचा बेत कसा ठरवायचा

समजा साल १९८९ आहे. तुम्ही पुण्यात कॉलेजला आहात, डिसेंबरातला सोमवार आहे आणि येत्या शनिवारी सहा-सात जणांना राजगडावर मुक्कामाला जायचंय. ग्रुप नाही, लोकेशन नाही, 'कुठे पोचलीस' नाही. सगळ्यांत मिळून फोन दोघांकडे, त्यातही एकीच्या वडलांनी डायलला कुलूप लावलेलं. हे जमवायचं कसं ते सांगते. आम्ही असंच करायचो आणि बऱ्याचदा जमायचं, एकदा कसं फसलं तेही ओघात येईलच.

सुरुवात सोमवारीच करायची. बुधवारी सुचलं तर तो बेत पुढच्या आठवड्यातला समजायचा, कारण निरोप सायकलने फिरतो आणि निरोपाला उत्तर यायला परत तेवढाच वेळ लागतो. आधी कालनिर्णय काढायचं. पौर्णिमा जवळ असली तर गडावर बॅटरीचे सेल वाचतात, कुणाच्या घरी सत्यनारायण, कुणाची चतुर्थी, कुणाच्या आत्याकडचं केळवण, हे सगळं त्याच भिंतीवर टांगलेलं असतं. आणि रविवारी सकाळी नऊला टीव्हीवर महाभारत. त्या तासात कुणाच्या घरी निरोप द्यायला जायचं नाही, गेलात तर चपला काढून बसावं लागतं आणि मध्ये बोललात तर आजी वळून बघतात. आमच्यातला एक महाभाग तर रविवार बुडतो म्हणून ट्रेकला यायचाच नाही, त्याला मोजायचंच नाही असं शेवटी ठरलं.

मग कट्टा. जे रोज दिसतात त्यांच्याशी तोंडी बोलून घ्या, पण सगळ्यांनी मिळून ठरवू नका, एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. कुठली एसटी, कुठे भेटायचं, शिधा कोण आणणार, सगळं त्या एकाच्या डोक्यात. आणि गुरुवारनंतर काहीही बदलायचं नाही. अगदी जास्त सोयीची गाडी सापडली तरी नाही, कारण बदल सहा जणांपर्यंत पोचायला हवा असतो आणि तो पोचतो चौघांपर्यंत, उरलेले दोघं जुन्या वेळेला जुन्या जागी उभे राहून तुम्हाला शिव्या घालतात.

कट्ट्यावर न येणाऱ्यांसाठी चिठ्ठी. ती कॉलेजसमोरच्या टपरीवर ठेवायची, नाहीतर सायकलच्या दुकानात, जिथे तो माणूस दोन दिवसांतून एकदा तरी जातोच. चिठ्ठीत 'उद्या' हा शब्द कधीही लिहायचा नाही. ती चिठ्ठी उद्या वाचली तर 'उद्या' म्हणजे परवा होतो. आम्ही हे एका पिक्चरच्या वेळी शिकलो, तिकिटं काढून दोघी अलका टॉकीजच्या दारात आणि तिसरी दुसऱ्या दिवशी त्याच दारात. तेव्हापासून 'शनिवार, ता. ९' असंच लिहायचं, वार आणि तारीख दोन्ही, म्हणजे एक चुकलं तरी दुसऱ्यावरून कळतं.

पण टपरीपेक्षा मोठं पोस्ट ऑफिस म्हणजे मैत्रिणीची आई. इथे घाई करून चालत नाही. तुम्ही 'काकू, स्वातीला सांगा हं' म्हणून जिन्यातूनच वळलात तर निरोप अर्धा होतो. 'साडेनऊला स्वारगेट' चं संध्याकाळपर्यंत 'ती कुणीतरी मुलगी आली होती, काहीतरी नऊ-दहा म्हणत होती' एवढंच उरतं. काकूंची चूक नाही, त्यांच्या डोक्यात दूध, गिरणी, धाकट्याची शाळा सगळं चालू असतं. मोठ्या माणसाला 'परत म्हणून दाखवा' म्हणता येत नाही, म्हणून मी विचारायचे, 'काकू, कालनिर्णयवर लिहून ठेवू का मी?' आणि नऊ तारखेच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाच्या खाली पेन्सिलीने बारीक लिहून यायचे. आणि बसायचं, पोहे आले तर खायचे, बाबांची बदली झाली का ते विचारलं तर नीट सांगायचं. एका संध्याकाळी तीन घरांच्या वर होत नाहीत आणि तिन्हीकडे पोहे असले तर घरी जेवण जात नाही, त्यावर आपल्या आईचं बोलणं वेगळं.

आता फोन. घरचा फोन नसेल तर वाण्याच्या दुकानातला लाल डबा, एक रुपयाचं नाणं, खिशात दोन जास्तीची ठेवा कारण डबा एखादं गिळतो. पलीकडे वडील उचलतात, नेहमीच वडील उचलतात. आधी स्वतःचं नाव आडनावासकट, मग 'स्वाती आहे का?' मुलाला मुलीकडे निरोप द्यायचा असला तर त्याने फोन करायचा नाही, आमच्यापैकी कुणालातरी रुपया द्यायचा आणि शेजारी उभं राहायचं. दुपारी दीड ते चार कुणाकडेच फोन करायचा नाही, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

नंबरापुढे 'पीपी' लिहिलेलं असेल तर तो शेजाऱ्यांचा फोन. तिथे एकदम बोलायला लागायचं नाही. 'जरा वरच्या मजल्यावरच्या मीनाला बोलवाल का, मी पाच मिनिटांनी परत करते' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं, नाहीतर ते हाका मारत जिने चढतात आणि तुमचा रुपया तिकडे कोचावर पडलेल्या रिसीव्हरमध्ये संपतो. पीपी नंबरावर आठवड्यातून एकच फोन, आणि तोसुद्धा सगळं कागदावर लिहून घेऊन, म्हणजे एका दमात होतं. मीनाची आई दरवर्षी दिवाळीत फराळाचं पहिलं ताट त्या शेजाऱ्यांकडे पाठवायची, आणि त्यात चकल्या कमी पडल्या तर मीनाचे फोन पण कमी व्हायचे अशी आमची थिअरी होती.

ज्या दोन घरी फोन आहे त्यांच्यात रिंगा ठरवून ठेवा. दोन रिंगा देऊन ठेवला म्हणजे 'निघाले', फोन उचलायचा नाही, पैसे पडत नाहीत. फक्त ही खूण घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर धाकटा भाऊ पहिल्याच रिंगेला झडप घालतो. कुलपाचं म्हणाल तर डायलला कुलूप असलं तरी रिसीव्हर ठेवायच्या त्या खटक्यावर आकड्याइतक्या टिचक्या मारल्या की नंबर लागायचा, पाचाला पाच, शून्याला दहा. सहा आकडी नंबर असा लावायला हात बसलेला पाहिजे. त्या मैत्रिणीचा इतका बसला होता की वडलांना बिल आल्यावर कुलपाचाच संशय यायला लागला.

मुली असाल तर या सगळ्याच्या आधी परवानगी, खरं तर तोच सगळ्यात लांबचा टप्पा. आपल्या घरी आपण विचारायचं नाही. तुझ्या घरी मी विचारते, माझ्या घरी तू विचार. बाहेरच्या मुलीला तोंडावर नाही म्हणायला आयांना जड जातं. जाताना दोघी तरी जायचं, कोण कोण येतंय ती यादी तोंडपाठ पाहिजे, आणि यादीत एक 'दादा' हवाच, कुणाचातरी सख्खा मोठा भाऊ, नोकरीला लागलेला असला तर उत्तम. आमच्या दादाला ट्रेकचा मनस्वी कंटाळा होता, पण त्याच्याशिवाय पाच घरांतून परवानगी निघत नव्हती म्हणून त्याच्या सॅकमध्ये काहीही वजन घालायचं नाही असा करार होता. वेळ बघून विचारा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी पूजा आवरल्यावर आमच्या आईचा मूड चांगला असायचा, बाबांना मात्र बातम्या संपल्यावर.

बाहेरगावचं कुणी येणार असेल तर पोस्टकार्ड, तेव्हा १५ पैशांचं. माझा मावसभाऊ साताऱ्याला, फोन त्याच्याही शेजाऱ्यांकडे. रात्री उशिरा केला की एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर पावपट व्हायचा, पण रात्री उशिरा शेजाऱ्यांना उठवून 'राजगडाला येतोस का' असं कसं विचारणार. म्हणून सोमवारीच कार्ड टाकायचं. कार्डाचा फायदा असा की ते घरातले सगळे वाचतात, पोस्टमनसकट, त्यामुळे तो विसरला तरी मावशी आठवण करते. घाई असेल तर स्वारगेटला सातारच्या गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची आणि तिकडे स्टँडवर कुणीतरी घ्यायला हवं, पण ते घ्यायला ये म्हणून कळवायचं कसं, हा प्रश्न राहतोच. कार्डात शेवटी एक ओळ लिहायची, 'येणार नसलास तरच कळव.' म्हणजे उत्तर नाही आलं तर येतोय असं धरायचं. दोन्हीकडून उत्तराची वाट बघत बसलं की आठवडा संपतो.

आता भेटायची जागा. 'स्वारगेटला भेटू' हा बेत नाही, ही नुसती इच्छा आहे. स्वारगेटला एसटीचं स्टँड आहे आणि पीएमटीचं, म्हणजे शहरातल्या बसचं, पण आहे, आणि दोन्हीकडे गर्दी. 'एसटी स्टँड, चौकशीच्या खिडकीसमोर' एवढं लिहा. शक्यतो वर्तमानपत्राच्या स्टॉलजवळ, वाट बघणाऱ्याचा वेळ जातो. मुंबईच्या मैत्रिणी 'व्हीटीला इंडिकेटरखाली' म्हणायच्या, पण लोकलचं गणित वेगळं, तिथे कितवा डबा ते पण ठरवायला लागतं. आणि घड्याळं. प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या मताने चालायचं, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी आकाशवाणीच्या सात पाचच्या बातम्यांना सगळ्यांनी लावून घ्यायचं.

थांबायचं किती हेही आधीच ठरवा, तिथे उभं राहून ठरवू नका, तिथे कुणाला तरी दया येते. आमचा नियम अर्धा तास. त्यानंतर निघायचं, आणि मागे राहिलेल्याने काय करायचं हे त्याला पाठ असलं पाहिजे. 'पुढची वेल्ह्याची एसटी धर, मार्गासनीला उतर, स्टँडजवळच्या चहावाल्याकडे चिठ्ठी असेल, आम्ही साखरवरून गुंजवण्याला जाऊन चोर दरवाज्याने चढतोय, पद्मावतीच्या देवळात भेट.' वाट कुठली ते लिहाच, नाहीतर तो वाजेघरकडून पाली दरवाज्याने चढतो आणि तुम्ही इकडे चोर दरवाज्यावर हाका मारत बसता. वाटेत फाटा आला की दगडांचा बाण करायचा, गुरं मोडतात म्हणून मोठे दगड घ्यायचे.

घरी परत यायची वेळ सांगताना खरी वेळ अधिक दोन तास. आठला पोचणार असाल तर दहा सांगा. एसटी चुकली तर मार्गासनीहून कळवायला काही नाही, आणि दहा सांगून आठला आलात तर जेवण पण गरम मिळतं.

मोबाईलने हे सगळं लगेच संपवलं असं नाही बरं का. देशातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, पण नंतर कितीतरी वर्षं आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये बंद झाले. तोपर्यंत ज्यांच्याकडे मोबाईल होता तेही नंबर बघून कट करायचे आणि पीसीओ, म्हणजे पैसे देऊन बोलायचा सार्वजनिक फोन, शोधायचे.

तर त्या नऊ तारखेला काय झालं. साडेनऊला आम्ही पाच जण चौकशीच्या खिडकीसमोर. स्वाती नाही, साताऱ्याचा भाऊ नाही. दहा वाजले, नियमाप्रमाणे निघायला हवं होतं, पण मीच म्हटलं की त्याचं कार्ड आलेलं नाही म्हणजे तो येतोय, सातारची अजून एक गाडी बघू. अजून दहा मिनिटं. मग दादा वैतागला आणि आम्ही निघालो. मार्गासनीला चिठ्ठी ठेवली, बाण केले, चढलो. सूर्य बुडता बुडता खिचडी चुलीवर ठेवली आणि देवळाच्या बाजूला स्वाती आणि तिचा धाकटा भाऊ धापा टाकत उभे. ती साडेनऊपासून पीएमटीच्या स्टँडवर होती. तिच्या कालनिर्णयवर मी नुसतं 'स्वारगेट ९.३०' लिहून आले होते, चौकोनात जागा नव्हती म्हणून. नेहमीप्रमाणे पुढच्या गाडीचं पाठ होतं म्हणून आली, वाटेत दोन बाण तिने स्वतः नीट केले, मग पाणी प्यायली आणि मग मला जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मावसभावाचं कार्ड मंगळवारी आलं. 'ताप आहे, शनिवारी येत नाही, माझ्यासाठी थांबू नका.' शिक्का गुरुवारचा होता.