अंतरपाटाच्या ऑर्डरीत लग्नाची तारीख लिहू नका

घरून अंतरपाट रंगवायचं, रुखवत सजवायचं काम सुरू करणाऱ्या मुली विचारतात, "ताई, घर, देवधर्म, सणवार सांभाळून जमतं का हो?" जमतं. पण पहिली लगीनसराई रडवते, हे आधीच सांगते.

कापड, रंग, ब्रश यांवर बोलत नाही, ते तुम्हाला येतंच. आपण अडकतो तारखेत. ग्राहक सांगतो, लग्न २० तारखेला. आपण वहीत २० लिहून मोकळ्या होतो. ती तारीख गुरुजींची, आपली नव्हे. मागे मोजत या. १९ ला हळद, त्या दिवशी त्या घरात पार्सल उघडायला कुणाला फुरसत नसते. १८ ला कार्यालयात न्यायचं सामान बांधून तयार असतं. म्हणजे अंतरपाट १७ ला त्यांच्या हातात हवा. सुती कापडावरचा रंग नीट वाळायला एक दिवस द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री. म्हणजे शेवटचा ब्रश १५ ला. रंगवायला तीन-चार दिवस. त्याआधी कापड धुऊन कांजी काढायची, नाहीतर रंग वरवर बसतो आणि घडीवर तडकतो. आणि या सगळ्याच्या आधी नावं! वेलांटी पहिली की दुसरी, मुलीचं माहेरचं नाव घालायचं की नाही, हे आत्या-काकांकडून ठरून येईपर्यंत आठवडा सरतो. २० चं काम ३ तारखेला सुरू होतं. वहीत ३ लिहा. आणि नावं लेखी आल्याशिवाय ब्रश बुडवू नका. फोनवर ऐकलेलं नाव धरायचं नाही म्हणजे नाही.

महिन्यांचंही हेच. पौषात बऱ्याच घरांत लग्न काढत नाहीत, म्हणून नवीन मुलींना वाटतं, आता निवांत. माघ-फाल्गुनातल्या लग्नांचं काम पौषातच असतं! त्यातच पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. सासरे दिंडीसोबत चालत जातात, घरी वारकऱ्यांचा राबता असतो. चैत्रात रामनवमी, मग कामदा एकादशीला आमच्या नाशिकला रामरथ आणि गरुडरथ, आणि डोक्यावर वैशाखातल्या ऑर्डरी. म्हणून नवं पंचांग हातात आलं की आधी हे दिवस लाल पेनने खोडते, मगच ऑर्डरी. रथाच्या दिवशी काम बंद, हे ग्राहकाला बोलणी होतानाच सांगते. आधी सांगितलं की माणसं समजून घेतात, घाबरू नका.

अधिक महिनाही पाहून ठेवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन उन्हाळ्यात मुहूर्त नाहीत म्हटल्यावर पोटात गोळा येतो. पण धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचं वाण, आणि वाणाची ताटं कुणीतरी सजवून द्यायची असतात. अनारसे, बत्तासे ठेवायच्या जाळीदार डब्या आधीच बनवून ठेवा.

'घरबसल्या महिन्याला लाख' शिकवणाऱ्यांच्या नादी लागू नका. माझं मत कडक आहे: फी भरण्यापेक्षा काम करणाऱ्या एखाद्या बाईंच्या हाताखाली एक लगीनसराई बसा. नावांचे तयार स्टिकर इस्त्रीने चिकटवून 'हस्तकला' म्हणून विकणं मला पटत नाही. लग्नाचं कापड लोक जन्मभर जपतात हो.

एक गोष्ट मात्र विकायची नाही. मी गोदाघाटावर बसून स्केच करते. नारोशंकराचं देऊळ, पुराच्या पाण्यात छातीपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती. लोक म्हणतात, याचे प्रिंट काढ. काढले की पुढच्या वेळी घाटावर बसताना गिऱ्हाइकाला काय आवडेल हेच डोक्यात येणार. दिवसभर ब्रश पोटासाठी चालतो, तेव्हा थोडी रेघ स्वतःची राहू द्या. वेळ मिळत नाही म्हणाल. मलाही मे महिन्यात मिळत नाही. पावसाळ्यात मिळतो, तेवढा घ्या.

मुलांच्या परीक्षाही त्याच लाल पेनने खोडा. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आधार आणि पॅन क्रमांक जवळ ठेवून स्वतः बसा.