येझदीच्या ब्रेक कॅमचा बुश

वडिलांची येझदी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना इंजिनापेक्षा जास्त छळलं ते मागच्या ब्रेकने. पेडल दाबलं की आधी कॅम, म्हणजे लायनर बाहेर ढकलणारा फिरता दांडा, तिरका व्हायचा, मग कुठे लायनर (घर्षणाचे पट्टे) चाकाच्या ड्रमला टेकायचे. कॅम ज्या ब्रेक प्लेटच्या भोकात फिरतो ती ॲल्युमिनियमची, कॅम पोलादी; वर्षानुवर्षं घासून भोक लंबगोल झालेलं. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, आता जुनी प्लेट मिळाली तरी तीही बहुधा झिजलेलीच.

भोकात नवा बुश, म्हणजे कॅमला धरणारी धातूची छोटी नळी, बसवायची ठरवली. इंदूरच्या सियागंजातून गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) तुकडा आणला आणि ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. आधी कॅमचा दांडा मायक्रोमीटरने दोन-तीन जागी मोजून घ्या, तोही झिजतो. आमचा सुदैवाने चांगला होता. काकांनी मूळ केंद्र पकडून भोक गोल बोअर केलं, बुश किंचित जाड ठेवला आणि प्लेट गरम करून व्हाइसमध्ये दाबून बसवला. बसताना बुश आवळला जातो, म्हणून आतलं माप शेवटी रीमरने (भोक अचूक मापाचं करणाऱ्या हत्याराने) काढायचं. आधीच काढून ठेवलं तर कॅम अडकतो. आत ग्रीससाठी बारीक खाचही पाडून घेतली. ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. लायनरवर गेलं तर ब्रेक गेलाच समजा.

आता पेडल दाबताक्षणी ब्रेक लागतो. स्टँडच्या पिनेचा बुशही काकांकडूनच करून घेणार आहे.