रिव्हर्ब पेडल: धुकं हवं, खिचडी नको

रिव्हर्ब पेडल गिटारच्या आवाजाला मोठ्या हॉलसारखा घुमारा देतं. त्याच्या जोडणीत डोकं घालवू नका. गिटार, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल), सगळ्यात शेवटी रिव्हर्ब आणि मग अ‍ॅम्पचा क्लीन चॅनल. अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर रिव्हर्ब इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची अ‍ॅम्पवरची जागा) टाका. पेडलचा मोड हॉल, गिटारचा नेक (मानेजवळचा) पिकअप, टोन मध्याच्या जरा खाली.

आता डीके, म्हणजे घुमारा किती वेळ टिकतो ते ठरवणारा नॉब. ‘अँबियंट, म्हणजे धुक्यासारखा पसरलेला आवाज हवाय? मग सगळे नॉब फुल कर’ हा सल्ला मीही मानला होता. घरी एकट्याने वाजवताना स्वर्ग वाटला. बँडच्या पहिल्याच तालमीत बेसवाला म्हणाला, "अरे, तू नक्की कुठल्या कॉर्डवर आहेस?" मलाच सांगता येईना.

आवाज ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो, तो डीके. ६० च्या टेम्पोत (मिनिटाला ६० बीट्स) चार बीट्सचा बार ४ सेकंदांचा होतो. तुम्ही डीके १० सेकंद ठेवलात आणि दर बारला कॉर्ड बदललीत, तर तिसरी वाजते तेव्हा पहिली अजून खाली कण्हत असते. म्हणून डीके एक ते दीड बारइतकाच. मिक्स (मूळ आवाजात रिव्हर्ब किती मिसळायचा तो नॉब) अर्ध्याच्या खाली. यूट्यूबवर कुणी काहीही सांगो.

एवढ्यावर भागत नाही, कॉर्डही तशाच निवडाव्या लागतात. वरच्या दोन बारीक तारांच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी रोवा, ती उचलायचीच नाहीत. बाकीच्या बोटांनी जी, ई मायनर सेव्हन, सी अ‍ॅड नाइन, डी सस फोर फिरवा. डी आणि जी हे स्वर चारही कॉर्डमध्ये असल्यामुळे मागच्या कॉर्डच्या घुमाऱ्याची शेपटी पुढच्या कॉर्डला फारशी नडत नाही. जाड तारा बारच्या सुरुवातीला एकदाच, हलक्या हाताने. खिचडी बहुतेक वेळा तिथेच शिजते. आणि स्ट्रमिंग? नकोच. दोन स्वर छेडा, थांबा, ऐका. मला हे थांबणं जमायला वर्ष लागलं.

पिकचा टणकारा नको असेल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा आणि मग हळूहळू वाढवा. व्हॉल्यूम पेडल वापरणार असाल तर ते रिव्हर्बच्या आधी. नंतर लावलंत तर शेपटीही कापली जाईल.

शिमर मोड वरच्या सप्तकाचा स्वर मिसळतो. तो लोणच्यासारखा वाढा, गाण्यात एकदा.

गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी रिव्हर्बला वेगळा अ‍ॅडॅप्टर लावून बघा. डिजिटल पेडलला करंट जास्त लागतो. किती मिलीअँपिअर ते पेडलवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.