मुलांना विकिपीडिया एडिट करायला शिकवायचंय? नवीन लेख नको, एका वाक्यापासून सुरू करा

लेखन शिकवणाऱ्या सगळ्यांना हे माहितीये, मुलं निबंध लिहितात तो फक्त तपासणाऱ्यासाठी, मार्क मिळाले की विषय संपला. विकिपीडियावर टाकलेलं वाक्य मात्र कुणीतरी खरंच वाचतं, आणि चुकीचं असेल तर उडवतंही, म्हणून कॉलेजच्या लेखनाच्या वर्गासाठी याच्याइतका चांगला सराव मला तरी दुसरा सापडलेला नाही. पण पहिल्याच आठवड्यात "प्रत्येकाने एक नवीन लेख तयार करा" असं सांगू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं, बरेच लेख डिलीट झाले, मुलं हिरमुसली आणि जे लोक स्वतःचा वेळ देऊन तिथली साफसफाई करतात त्यांना नसता ताप झाला.

आधी अकाउंट. ते मुलांनी घरूनच, आपापल्या मोबाईल डेटावरून काढून यायचं, कारण एकाच इंटरनेट कनेक्शनवरून दिवसाला साधारण ६ च अकाउंट काढता येतात आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये तीस मुलं एकदम बसवली की सातव्याला एरर येते नि तास तिथेच संपतो. एका माणसाचं एक अकाउंट, ग्रुपचं मिळून एक चालत नाही, आणि युजरनेममध्ये कॉलेजचं नाव नको. खरं नाव टाकायची सक्तीही करू नका, केलेला प्रत्येक बदल कायमचा इतिहासात दिसतो आणि तो आपल्या नावावर दिसावा का हे मुलांनी स्वतः ठरवायचं. इंग्रजी विकिपीडियावर काम करणार असाल तर अकाउंट ४ दिवस जुनं आणि १० एडिट झालेले असल्याशिवाय थेट नवीन लेख टाकता येत नाही, त्यामुळे हे सगळं सत्राच्या सुरुवातीलाच उरकून घ्या.

आता पहिलं खरं काम. प्रत्येकाने एक असा लेख शोधायचा ज्यात 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं एखादं वाक्य आहे, आणि त्या एकाच वाक्याला संदर्भ शोधून द्यायचा, बस. ऐकायला फालतू वाटतं पण यात दोन तास सहज जातात, कारण मूल शोधायला लागतं आणि कळतं की पुस्तकात तर भलतंच दिलंय, किंवा वाक्याचा अर्धाच भाग बरोबर आहे, किंवा दहा वेबसाईटवर तेच आहे पण त्या दहाही जणांनी ते विकिपीडियावरूनच उचललंय. मग प्रश्न येतात, सर हा सोर्स चालेल का, ब्लॉग चालेल का, कंपनीची स्वतःची वेबसाईट चालेल का. "विश्वसनीय स्रोत वापरा" असं फळ्यावर लिहून जे कधी डोक्यात जात नाही ते इथे जातं. माझं ऐकाल तर यावर पूर्ण दोन आठवडे द्या.

नियम तीनच नीट समजावा. तटस्थ लिहायचं, तपासता येईल असंच लिहायचं आणि स्वतःचं संशोधन किंवा मत घालायचं नाही. तिसरा सगळ्यात अवघड जातो, आपण वर्षभर मुलांना "तुमचं मत मांडा" सांगत असतो आणि इथे एकदम उलटं. पण म्हणूनच तो शिकवण्यासारखा आहे, कुठलं वाक्य माहितीचं आणि कुठलं मताचं हा फरक मुलांना पहिल्यांदा हाताने करावा लागतो.

भाषेचं काम इथे भरपूर निघतं. शाळेपासूनच्या निबंधाच्या सवयी लगेच दिसतात, सुरुवातीला सुविचार, मध्ये 'थोर', 'महान', 'अजोड', 'सुप्रसिद्ध' आणि शेवटी संदेश. मी एक व्यायाम घेतो, चरित्राच्या लेखातला एक परिच्छेद घ्यायचा, सगळी कौतुकाची विशेषणं खोडायची आणि काय उरतं ते मोठ्याने वाचायचं. कधी कधी फक्त जन्मतारीख उरते. मग 'थोर' या शब्दाच्या जागी नेमकं काय केलं, कधी केलं, ते शोधून लिहायचं. 'असे मानले जाते' दिसलं की विचारायचं, कोण मानतं? नाव सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर वाक्य काढा.

जिवंत माणसांवरच्या लेखांना पहिल्या सत्रात हात लावू देऊ नका. २००५ साली जॉन सीगेन्थॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या लेखात कुणीतरी त्यांचं नाव केनेडींच्या हत्येशी जोडलं आणि ते खोटं चार महिने तसंच राहिलं होतं, हे मुलांना जरूर सांगा. आपलं कॉलेज, आपले नातेवाईक, आपली संस्था यांचे लेखही नकोत, तिथे तटस्थ राहता येत नाही.

कॉपी-पेस्टबद्दल आधीच कडक बोला. दोन-चार शब्द बदललेला उतारासुद्धा कॉपीच धरतात. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, पुन्हा वापरू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या हक्काचं लिखाण तिथे टाकायचा आपल्याला अधिकारच नाही. एआयकडून लिहून आणलेलं तर नकोच, त्यात अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ निघतात आणि ते शोधण्यात दुसऱ्या कुणाचा तरी वेळ जातो.

लिहायचं आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, तिथे कितीही चुका चालतात. शेजारच्याने वाचायचं, संदर्भ उघडून बघायचे, मगच लेखात टाकायचं आणि बदलांचा आढावा, म्हणजे काय बदललं ते सांगणारी एक ओळ, लिहायचाच, 'दुरुस्ती' असं नाही तर 'दुसऱ्या परिच्छेदातलं वर्ष बदललं, संदर्भ जोडला' असं. कुणी एडिट उलटवला तर पुन्हा तोच टाकून भांडायचं नाही, त्या लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर जाऊन नम्रपणे विचारायचं का काढलं. माझ्या एका विद्यार्थिनीचा परिच्छेद तीनदा गेला, चौथ्यांदा तिने चर्चा पानावर मुद्देसूद लिहिलं, समोरच्याने एक चांगला सोर्स सुचवला आणि तो परिच्छेद राहिला. तिचं वर्षभरातलं सगळ्यात चांगलं लिखाण मला विचाराल तर ते चर्चा पानावरचंच होतं.

मार्क देताना एडिट टिकला का यावर देऊ नका, ते मुलांच्या हातात नसतं आणि टिकवायच्या नादात भांडणं होतात. इतिहास पानावर प्रत्येक बदल आधी-नंतर असा शेजारी शेजारी दिसतो, तो बघा, सोबत मुलांकडून एक पान लिहून घ्या, काय बदललं, का बदललं, कुठला सोर्स नाकारला आणि कशामुळे. वर्ग मोठा असेल तर प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड नावाचं फुकट टूल आहे, त्यात सगळ्यांचे एडिट एकाच ठिकाणी दिसतात. आणि हे सगळं सुरू करायच्या महिनाभर आधी तुम्ही स्वतः अकाउंट काढून वीस-पंचवीस एडिट करून बघा, त्यातला एखादा उलटवला जाईल तेव्हा चर्चा पानावर काय लिहायचं ते मुलांना दाखवायला तुमचंच उदाहरण हाताशी असेल.