प्रिंटर चालतो, शेअर फोल्डर उघडतं, पण इंटरनेट नाही?

ऑफिसातल्या बाकीच्या कॉम्प्युटरवर नेट चालू असेल आणि एकाच मशीनवर नसेल, तर केबल बदलत बसू नका. नेटवर्कवरून प्रिंट निघते, फोल्डर उघडतं म्हणजे केबल ठीक आहे. बहुतेक सेटिंग बिघडलंय.

1. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग, मग स्पेस, मग 8.8.8.8 असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर आहे; तिथून उत्तर येतं का ते बघा.

2. उत्तर आलं, पण वेबसाइट उघडत नाहीत? मग बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर, चुकलेला असतो. नेटवर्क सेटिंगमध्ये तो ऑटोमॅटिक करा. तरीही नाही, तर प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेटिंग) बघा. कुणीतरी चालू करून ठेवलेली प्रॉक्सी हमखास त्रास देते.

3. उत्तरच नाही? आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांड द्या आणि 'डिफॉल्ट गेटवे'ची, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरच्या पत्त्याची, ओळ वाचा. ती रिकामी असेल, किंवा तिथला आकडा शेजारच्या चालू कॉम्प्युटरपेक्षा वेगळा असेल, तर दोष तिथेच. राउटर बदलल्यावर हे फार होतं: जुना 192.168.1.1 हाताने भरलेला, नवा राउटर 192.168.0.1 वर.

काहीही बदलण्याआधी आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता) सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच ठरावीक आयपीवर चालत असेल, तर आयपी ऑटोमॅटिक केल्यावर तेही बंद पडू शकतं.